ताप तोच, रक्त वेगळे

डास तेच, घर तेच, जेवणही एकाच चुलीवरचे. मग थंडीताप आला की धाकटा चार दिवसांत उठून अंगणात पळू लागतो आणि थोरल्याला बेशुद्धावस्थेत जिल्हा रुग्णालयात हलवावे लागते, असे का? मलेरियाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच. उपचाराला झालेला उशीर, अंगचा अशक्तपणा, आधी किती वेळा मलेरिया होऊन गेला आहे, ही सगळी कारणे खरी आहेत. पण त्यांच्या जोडीला आणखी एक कारण असते आणि ते जन्माआधीच ठरलेले असते. ते म्हणजे आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीची घडण. आईवडिलांकडून आलेल्या जनुकांत एखाद्या अक्षराचा फरक असला तरी ही घडण बदलते, आणि पेशी बदलली की तिच्यात शिरणाऱ्या जंतूचे गणितही बदलते.

असा फरक चांगला की वाईट, हे आपण लगेच विचारतो. पण तो प्रश्न अपुरा आहे. कोणत्या जंतूपुढे आणि कोणत्या औषधापुढे, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

१. तांबड्या पेशीचा संसार

तांबडी पेशी म्हणजे आगारातून सुटलेली एसटी. हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत ती तयार होते, आणि रक्तात सुटण्यापूर्वी तिचे केंद्रक काढून टाकले जाते. केंद्रक गेले म्हणजे जनुकेही गेली आणि नवे प्रथिन बनवण्याची सोय संपली. त्यानंतरचे सुमारे १२० दिवस तिला निघताना मिळालेल्या सामानावरच काढायचे असतात. वाटेत दुरुस्ती नाही, नवा सुटा भाग नाही. खिळखिळी झाली की प्लीहा, म्हणजे पाणथरी, तिला बाजूला काढून मोडीत घालते.

केंद्रक काढल्यामुळे झालेल्या जागेत हिमोग्लोबिन ठासून भरलेले असते. एका पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू मावतात. फुप्फुसात ऑक्सिजन उचलायचा आणि शरीरभर उतरवायचा, हे त्याचे काम. पेशी स्वतः मात्र ऑक्सिजन वापरत नाही. रक्तातली साखर, म्हणजे ग्लुकोज, फोडून ती आपला खर्च भागवते. तेव्हा या पेशीत वारशाने तीन ठिकाणी फरक पडू शकतो: आतल्या मालात, म्हणजे हिमोग्लोबिनमध्ये, साखर वापरण्याच्या यंत्रणेत, आणि बाहेरच्या आवरणात. या तिन्ही ठिकाणच्या फरकांची मलेरियाशी गाठ पडलेली आहे.

२. परजीवी आत शिरून काय करतो?

मलेरियाचा जीवघेणा प्रकार फॅल्सिपेरम नावाच्या परजीवीमुळे होतो. डासातून आलेला हा परजीवी आधी यकृतात वाढतो आणि मग तांबड्या पेशीत घुसतो. तिथे तो हिमोग्लोबिन खातो, वाढतो, स्वतःच्या प्रती काढतो आणि सुमारे ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो. बाहेर पडलेली पिल्ले नव्या पेशी गाठतात. ताप येतो तो या फुटाफुटीमुळे.

पण नुसत्या पेशी फुटल्याने माणूस दगावतोच असे नाही. फॅल्सिपेरमची खरी करामत वेगळी आहे. आपण बसलेल्या पेशीच्या पृष्ठभागावर तो एक चिकट प्रथिन आणून लावतो. त्यामुळे पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते आणि प्लीहेपर्यंत जातच नाही. पकडले जाण्याचे टळले म्हणजे परजीवी निवांत वाढतो. अशा पेशी मेंदूतल्या सूक्ष्म वाहिन्यांत साचल्या की रुग्णाला झटके येतात, शुद्ध हरपते. मलेरिया साधा राहणार की गंभीर होणार, हे बरेचसे या चिकटण्यावर ठरते.

३. एका अक्षराचा बदल

हिमोग्लोबिनमध्ये बीटा नावाची साखळी असते. ती १४६ अमिनो आम्लांची. तिच्यातल्या ६ व्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवे. जनुकातले एकच अक्षर बदलले की तिथे व्हॅलीन येते. उरलेली १४५ जशीच्या तशी. एवढ्या फरकाने तयार झालेल्या हिमोग्लोबिनला ‘एस’ म्हणतात. ऑक्सिजन उतरवल्यावर त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब, ताठ धागे होतात आणि गोल, लवचिक पेशी कोयत्यासारखी वाकते. हाच सिकल सेल.

शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी अशा वाकड्या पेशींचे पहिले वर्णन १९१० मध्ये प्रसिद्ध केले. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. नेमके कोणते अमिनो आम्ल बदलले, हे काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधले. भारतात हे जनुक १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत आढळले. पुढे विदर्भ, सातपुडा, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा असा त्याचा पट्टा स्पष्ट झाला. महाराष्ट्रात नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हे भाग त्यात येतात.

प्रत्येकाला हे जनुक दोनदा मिळते, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही नेहमीची असली तर ‘एए’. एक नेहमीचे आणि एक सिकलचे असले तर ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो. दोन्ही सिकलची असली तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. त्याला अंगावर काटा आणणाऱ्या वेदना, रक्तक्षय, वारंवार रुग्णालय हे सगळे भोगावे लागते.

४. वाहकाला मिळालेले कवच

सिकल आणि मलेरिया यांची सांगड अँथनी ॲलिसन यांनी घातली. केनियात वाढलेल्या या डॉक्टरांच्या एक गोष्ट ध्यानात आली. समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, जिथे मलेरिया फार, तिथे सिकलचे वाहक पुष्कळ होते. थंड डोंगराळ भागात, जिथे मलेरिया नाही, तिथे ते क्वचितच सापडत. १९५४ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतला एक प्रयोग आज कोणतीही नैतिक समिती मान्य करणार नाही. ३० प्रौढ स्वयंसेवकांना मुद्दाम मलेरियाची लागण करण्यात आली. नेहमीचे रक्त असलेल्या १५ पैकी १४ जणांच्या रक्तात परजीवी वाढले. १५ वाहकांपैकी फक्त दोघांच्या.

त्यानंतरच्या अभ्यासांनी चित्र अधिक बारकाईने रेखाटले. वाहकाला डास चावतो, परजीवी त्याच्याही रक्तात शिरतो. लागण टळते असे नाही. टळते ते पुढचे. गंभीर फॅल्सिपेरम मलेरियाचा धोका वाहकांत सुमारे ९० टक्क्यांनी कमी असतो.

हे घडते कसे? परजीवी बसलेली पेशी ऊतींच्या खोल भागात चिकटते आणि तिथे ऑक्सिजन कमी असतो. एस हिमोग्लोबिन नेमके अशा जागी धागे करू लागते, आणि परजीवीची वाढ खुंटते. शिवाय वाहकाच्या पेशीवर ते चिकट प्रथिन नीट मांडले जात नाही, त्यामुळे तिची पकड ढिली पडते. सुटलेली, वाकू लागलेली पेशी प्लीहेत पोचते आणि परजीवीसकट निकालात निघते. म्हणजे ज्या चिकटण्यावर आजाराची तीव्रता ठरते, तिथेच हा बदल घाव घालतो.

५. शंभर मुलांचा हिशोब

एसएस मुले पूर्वी लहानपणीच दगावत. मग असे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले कसे? जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलॅसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराबाबत याचे उत्तर सुचवले होते: वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळत असावे. हेच हाल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले.

त्यांचा मुद्दा एका काल्पनिक गावाच्या हिशोबाने पाहू. १०० मुले जन्मली. प्रत्येकी २ म्हणजे एकूण जनुके २००. त्यांतली १८० नेहमीची, २० सिकलची. वाटणी सरासरीने अशी होईल:

एए: ८१ मुले
एएस: १८ मुले
एसएस: १ मूल

आता समजा, मलेरियाने दर १०० एए मुलांपैकी १० दगावतात आणि वाहक सगळे वाचतात. म्हणजे ८१ पैकी साधारण ८ गेली. त्यांच्याबरोबर १६ नेहमीची जनुके गेली. १८० पैकी १६ म्हणजे सुमारे ९ टक्के. उपचाराअभावी ते एक एसएस मूलही गेले. त्याच्याबरोबर सिकलची २ जनुके गेली. २० पैकी २ म्हणजे १० टक्के. दोन्ही बाजूंचे नुकसान जवळजवळ सारखे. म्हणून पुढच्या पिढीतही प्रमाण साधारण तेच राहते. मलेरिया नसेल तर नुकसान फक्त सिकलच्या बाजूला होते आणि ते जनुक हळूहळू विरळ होत जाते.

या हिशोबातून एक कडू गोष्टही दिसते. १८ जणांना मिळालेल्या कवचाची किंमत ते एक मूल मोजते. निसर्ग असा सौदा करतो, पण समाजाने तो मुकाट्याने मान्य करण्याचे कारण नाही.

६. जनुक तेच, जंतू दुसरा

वाहकाला तारणारे हे जनुक रुग्णाच्या बाबतीत उलटते. एसएस मुलाला मलेरियापासून सुरक्षित समजणे ही मोठी चूक ठरेल. त्याचे हिमोग्लोबिन आधीच कमी असते. मलेरियाने आणखी पेशी फुटल्या की रक्तक्षय जीवघेणा होतो.

त्याहून मोठा धोका जिवाणूंचा. वाकड्या पेशी प्लीहेच्या बारीक वाहिन्यांत अडकून राहतात आणि लहानपणीच प्लीहा निकामी होऊ लागते. रक्तात शिरलेला न्यूमोकॉकस हा जिवाणू गाळून काढण्याचे काम प्लीहेचे. ती नसली की एरवी आटोक्यात राहणारा संसर्ग काही तासांत रक्तभर पसरतो. रोज पेनिसिलिन दिल्यास सिकलच्या लहान मुलांतले असे संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतात, हे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत दिसले. म्हणूनच या मुलांसाठी पेनिसिलिन आणि न्यूमोकॉकसची लस यांचा आग्रह धरला जातो.

एसएस असलेल्या सगळ्यांचा आजार सारखा नसतो, यामागेही जनुकेच आहेत. गर्भात असताना आपल्या रक्तात वेगळे, ‘एफ’ हिमोग्लोबिन असते आणि जन्मानंतर ते कमी होत जाते. काहींमध्ये वारशानेच ते जास्त टिकते. एफ मध्ये मिसळले की एसचे धागे जुळत नाहीत. भारतात आढळणाऱ्या सिकलच्या ‘अरब-भारतीय’ प्रकारात एफचे प्रमाण बहुधा जास्त असते, त्यामुळे पुष्कळांचा आजार तुलनेने सौम्य राहतो. तरी विदर्भात तीव्र त्रासाचे रुग्णही थोडे नाहीत. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध देतात ते मुख्यतः एफ वाढवण्यासाठी.

७. गोळीने मलेरिया गेला, रक्तही गेले

आता साखर वापरण्याच्या यंत्रणेकडे वळू. तांबडी पेशी ग्लुकोज मुख्यतः ऊर्जेसाठी फोडते. थोडे ग्लुकोज मात्र एका उपमार्गाने जाते. त्यातून ऊर्जा मिळत नाही. मिळते ते पेशीला गंजण्यापासून वाचवणारे रसायन. ऑक्सिजन वाहणाऱ्या पेशीला गंजण्याचा धोका कायमचाच. या उपमार्गाची पहिली पायरी जी-६-पीडी नावाचे एन्झाइम सांभाळते.

जगात ४० कोटींहून अधिक लोकांत हे एन्झाइम वारशानेच कमजोर असते. भारतात अनेक आदिवासी समूहांत आणि पारशी समाजात हा दोष तुलनेने जास्त आढळतो. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलग्यांना एकच एक्स मिळतो, तोही आईकडून. म्हणून हा दोष मुलग्यांत जास्त दिसतो. एरवी अशा माणसाला काही जाणवत नाही. गंज वाढवणारे काही पोटात गेले की मात्र पेशी धडाधड फुटू लागतात.

प्रायमाक्विन हे असेच एक औषध. व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया यकृतात दडून राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उलटतो. त्याला मुळापासून काढण्यासाठी आपल्याकडे १४ दिवस प्रायमाक्विन देतात. जी-६-पीडी कमजोर असलेल्याला पहिल्या काही दिवसांतच थकवा येतो, डोळे पिवळे होतात, लघवी काळ्या चहाच्या रंगाची होते. मलेरियाने नव्हे, औषधाने.

याचा छडा लागला तो अमेरिकेत. इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर मलेरियाच्या औषधांच्या चाचण्या चालत. प्रायमाक्विन घेतलेल्या काही कृष्णवर्णीय कैद्यांचे रक्त झपाट्याने कमी झाले. दोष कुठे, पेशीत की शरीरात? संशोधकांनी त्यांच्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण केली आणि त्या धडधाकट माणसाला दिल्या. मग त्याला गोळी दिली. खुणेच्या पेशी फुटल्या, त्याच्या स्वतःच्या टिकल्या. उलट प्रयोगात धडधाकट माणसाच्या पेशी त्या कैद्याच्या शरीरातही शाबूत राहिल्या. म्हणजे दोष पेशीतच होता. १९५६ मध्ये त्या एन्झाइमची ओळख पटली.

हीच गोष्ट घरातही घडू शकते. कपाटात डांबरगोळ्या घालून ठेवलेली दुपटी आणि कपडे न धुता तान्ह्या बाळाला वापरले, आणि त्या बाळात हा दोष असला, तर गोळीतल्या नॅफ्थलीनने त्याच्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते.

मग हा दोष टिकला का? पुन्हा मलेरिया. हिमोग्लोबिन खाताना परजीवी स्वतःच गंज वाढवणारी रसायने तयार करतो. कमजोर पेशीला ती सोसत नाहीत, आणि परजीवी वाढण्याआधीच ती मोडीत निघते. पण हिशोब इथेही एकतर्फी नाही. आफ्रिकेतल्या हजारो मुलांच्या अभ्यासात दिसले की या दोषामुळे मेंदूच्या मलेरियाचा धोका कमी होतो, पण मलेरियातल्या तीव्र रक्तक्षयाचा धोका वाढतो.

८. आवरणातले फरक

व्हायवॅक्सला पेशीत शिरताना पृष्ठभागावरच्या डफी नावाच्या प्रथिनाला धरावे लागते. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेक लोकांच्या तांबड्या पेशींवर ते नसतेच, आणि तिथे व्हायवॅक्स फार थोडा आढळतो. आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांच्या पेशींवर डफी आहे, व्हायवॅक्सही सर्रास आहे. तरी हा अडसर अभेद्य नाही. डफी नसलेल्या माणसांतही व्हायवॅक्स आढळल्याच्या नोंदी गेल्या काही वर्षांत वाढल्या आहेत.

रक्तगट म्हणजे आवरणावरच्या साखरेच्या साखळ्यांतला फरक. परजीवी असलेल्या पेशीभोवती इतर तांबड्या पेशी गोळा होऊन वाहिनी तुंबते. ओ गटात हे घोळके सैल राहतात, म्हणून ओ गटाच्या लोकांत गंभीर मलेरिया कमी होतो. पटकीच्या बाबतीत याच्या उलट. ओ गटाच्या माणसाला पटकी झाली तर ती जास्त तीव्र होण्याचा संभव असतो. मग कोणता रक्तगट चांगला?

९. कोविडने दिलेली पुस्ती

रक्तपेशींपलीकडेही हाच न्याय लागू पडतो. २०२० मध्ये ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पेबो यांनी दाखवले की तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा असला तर कोविड गंभीर होण्याचा धोका वाढतो. हा तुकडा निअँडरथल मानवाकडून आपल्यात आला आहे. दक्षिण आशियात जवळजवळ निम्म्या लोकांत तो असतो, पूर्व आशियात जवळपास नाहीच. पुढे असेही आढळले की तोच तुकडा असलेल्यांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका कमी असतो. अर्थात, कोविडमध्ये वय आणि मधुमेहासारखे आजार यांचा प्रभाव मोठा होता. जनुक पारडे झुकवते, निकाल लिहून ठेवत नाही.

१०. आपण काय करायचे?

सिकलची पहिली तपासणी अगदी साधी असते. बोटातला रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात आणि नळीमागे छापील रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर एस नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर एस आहे. मात्र माणूस एएस की एसएस, हे एवढ्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करावीच लागते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल ॲनिमिया निर्मूलन अभियानात आदिवासी भागांतल्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

वाहक म्हणजे रोगी नव्हे. त्याला कामावरून, लग्नाच्या बोलणीतून किंवा पंगतीतून वगळण्याचे काही कारण नाही. फक्त दोन वाहकांचे लग्न होत असेल तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते, हे दोघांना आधी माहीत हवे. ‘पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तिन्ही सुटली’ हा समज चुकीचा आहे. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो.

म्हणून पत्रिका जुळवण्याआधी रक्त तपासून घ्या. प्रायमाक्विनची पहिली गोळी घेण्याआधी घरात कोणाला औषधाने कावीळ झाली होती का, हे डॉक्टरांना सांगा आणि सोय असेल तिथे जी-६-पीडीची तपासणी मागा. गोळ्या सुरू असताना लघवी गडद झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि तपासणीचा कागद आधार कार्डाइतकाच जपून ठेवा; पुढच्या तापात डॉक्टरांना तो लागेल.